सिट्रोएन : गाडी जिंकली, पेढी हरली

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर १९२५ सालापासून सुमारे नऊ वर्षे एकच नाव रात्री उजळत असे. अडीच लाख विजेच्या दिव्यांनी लिहिलेले ते नाव दूरच्या उपनगरांतूनही दिसे. १९२७ साली एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून आलेल्या चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकाला पॅरिस जवळ आल्याची खूण त्याच दिव्यांनी पटली, असे सांगतात. ते नाव होते सिट्रोएन. १९३४ साली हे दिवे विझले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये या कंपनीने मोटारींच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाची गाडी लोकांपुढे आणली होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीवर नादारीची पाळी आली. माल उत्तम, नाव मोठे, ग्राहक हजारो. आणि तरीही देणी थकलेली. हे कसे घडले, ते प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे.

लिंबू विकणाऱ्यांचा वंशज

आंद्रे सिट्रोएन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहरात लिंबे व फळे विकत. तोच व्यवसाय आडनावात उतरला. डच भाषेत 'सिट्रोएन' म्हणजे लिंबू. पुढे हे कुटुंब जवाहिऱ्यांच्या व्यवसायात शिरले आणि आंद्रे यांचे वडील हिऱ्यांचे व्यापारी म्हणून पॅरिसमध्ये स्थायिक झाले. १८८४ साली, आंद्रे अवघे सहा वर्षांचे असताना, वडिलांनी आत्महत्या केली. धंद्यातील नुकसानीने ते खचले होते, असे मानले जाते. पाच भावंडांत आंद्रे सर्वांत धाकटे होते. पुढील आयुष्यात ज्या माणसाने कर्जाला कधी भिऊन पाहिले नाही, त्याच्या बालपणावर धंद्यातील अपयशाची अशी छाया होती, हे विसरता येत नाही.

मुलगा हुशार निघाला. फ्रान्समधील नामांकित 'एकोल पॉलितेक्निक' या संस्थेतून १९०० साली शिक्षण पूर्ण करून तो बाहेर पडला. त्याच सुमारास आईच्या माहेरी, पोलंडमध्ये गेला असता त्याच्या दृष्टीस एक वेगळ्या धाटणीचे दातेरी चाक पडले. त्याचे दाते सरळ नव्हते. उलट्या 'व्ही' अक्षरासारखे दोन्ही बाजूंनी तिरपे होते. अशी चाके आवाज कमी करतात आणि भार अधिक पेलतात. सिट्रोएन यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि पोलादात अशी चाके तयार करण्याचा कारखाना काढला. आज या कंपनीच्या गाड्यांवर एकावर एक दोन बाणाग्रे दिसतात, ती म्हणजे त्या चाकाचे दातेच होत. पुढे १९०८ साली अडचणीत आलेल्या 'मॉर्स' या मोटार कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली व त्यांनी तिचे उत्पादन वाढवून दाखविले. दुसऱ्याची बुडती पेढी सावरणारा तरुण म्हणून त्यांचे नाव झाले.

युद्धाचा कारखाना, शांततेची गाडी

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या तोफांना गोळे कमी पडू लागले. सिट्रोएन यांनी १९१५ साली सीन नदीकाठच्या जाव्हेल भागात तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना उभारला. तेथे हजारो स्त्रिया काम करीत. त्यांच्यासाठी उपाहारगृह, दवाखाना, दंतवैद्य, लहान मुलांसाठी पाळणाघर अशा सोयी त्या काळी तेथे होत्या. युद्ध संपताच मोठा प्रश्न उभा राहिला. तोफगोळे कोणी घेणार नव्हते. मग एवढी यंत्रे आणि एवढी माणसे यांचे करायचे काय?

सिट्रोएन यांनी उत्तर आधीच शोधून ठेवले होते. अमेरिकेत हेन्री फोर्ड एकाच नमुन्याच्या गाड्या ओळीने तयार करीत होते. त्यांची पद्धत सिट्रोएन यांनी अभ्यासली होती. युरोपात तोवर मोटार ही श्रीमंतांची हौस होती. गिऱ्हाईक एका कारखान्यातून सांगाडा व इंजिन घेई आणि दुसऱ्या कारागिराकडून वरची पेटी बांधून घेई. १९१९ साली जाव्हेलमधून निघालेली सिट्रोएनची पहिली गाडी, 'टाइप ए', टप, दिवे, चाके व टायर यांसह पूर्ण तयार होऊन ग्राहकाच्या हाती पडत असे. तशा सुमारे २४,००० गाड्या निघाल्या. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली युरोपातील ही पहिली मोटार मानली जाते.

विक्रीच्या बाबतीत हा माणूस काळाच्या पुढे होता. फ्रान्समध्ये हप्त्याने मोटार घेण्याची सोय त्यांनी १९२२ साली सुरू केली. दुरुस्तीचे दर ठरवून छापून दिले. देशभर रस्त्यांवर दिशादर्शक फलक लावले आणि त्यावर आपले नाव घातले. लहान मुलांसाठी आपल्या गाड्यांची खेळणी काढली. आजचे मूल हे उद्याचे गिऱ्हाईक, हा हिशेब त्यामागे होता. पट्ट्यांवर चालणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट ओलांडले. १९३१ साली बैरूतहून पेकिंगकडे निघालेल्या मोहिमेतील एक तुकडी अफगाणिस्तानमार्गे श्रीनगरला पोहोचली. तेथून दोन गाड्या हिमालयातील घाटवाटांनी, जागोजागी रस्ता दुरुस्त करीत, गिलगिटपर्यंत नेण्यात आल्या. पुढे गाड्या जाणे शक्य नव्हते म्हणून माणसे घोड्यांवरून व पायी गेली. या मोहिमेचे प्रमुख जॉर्ज-मारी हार्ट परतीच्या वाटेवर १९३२ साली हाँगकाँग येथे वारले. सिट्रोएन यांचा उजवा हात गेला.

१९२९ साली कंपनीने वर्षाला सुमारे एक लाख गाड्यांचा टप्पा गाठला होता. युरोपात तिच्या बरोबरीचे कोणी उरले नव्हते.

ताळेबंदाची दुसरी बाजू

हा झाला जमेच्या बाजूचा वृत्तान्त. नावे बाजूला काय होते?

सिट्रोएन यांची धंदा वाढविण्याची रीत एकच होती. कर्ज काढायचे, त्यातून कारखाना वाढवायचा, वाढलेल्या विक्रीतून हुंड्या फेडायच्या आणि त्या फिटण्याआधीच पुढचे कर्ज उभे करायचे. विक्री दरवर्षी वाढत राहील, हे त्यात गृहीत होते. वाढत्या बाजारात ही रीत डोळे दिपविणारी दिसते, कारण प्रत्येक नवे कर्ज जुन्या कर्जाला झाकून टाकते. १९२७-२८ च्या सुमारास कंपनीला अडचण आली, तेव्हा लाझार या बँकेने भांडवल उभारून दिले आणि संचालक मंडळात आपली माणसे बसविली. ही माणसे खर्चाचा हिशेब मागू लागली. सिट्रोएन यांना ते जाच वाटले. हातात थोडा पैसा खेळू लागताच, १९३० च्या सुमारास, त्यांनी बँकेचा हा अंकुश दूर केला. पेढीत "हे परवडेल काय?" असे विचारणारा माणूस उरला नाही. ड्यूव्हिलच्या जुगारगृहात मोठ्या रकमा लावणारे उद्योगपती म्हणूनही ते प्रसिद्ध होते. पैशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्यावरून कळते.

अमेरिकेतील मंदीची लाट फ्रान्समध्ये उशिरा पोहोचली, पण पोहोचली. गाड्यांची मागणी घटली. अशा वेळी सामान्य व्यापारी हात आखडता घेतो. सिट्रोएन यांनी उलट केले. त्यांचे प्रतिस्पर्धी लुई रेनो यांनी सीन नदीतील एका बेटावर नवा भव्य कारखाना उभारला होता. तो पाहून आल्यावर सिट्रोएन यांना चैन पडेना, असे सांगितले जाते. १९३३ साली त्यांनी जाव्हेलचा जुना कारखाना पाडून, उत्पादन न थांबविता, अवघ्या पाच महिन्यांत नवा उभा केला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या उद्घाटनाला हजारो पाहुण्यांच्या पंक्ती उठल्या. बाजार आकसत असताना दुप्पट मोठे घर बांधावे आणि वास्तुशांतीलाही उधारीच घ्यावी, असा तो प्रकार होता.

तेरा महिन्यांची गाडी

या नव्या कारखान्याला साजेशी नवी गाडी हवी होती. मार्च १९३३ मध्ये आंद्रे लफेव्र हे विमानविद्येत तयार झालेले अभियंते कंपनीत आले. गाडीचा आकार फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन मूर्तिकाराने घडविला. १८ एप्रिल १९३४ रोजी गाडी लोकांपुढे आली. नवी मोटार घडवायला जेथे अनेक वर्षे लागतात, तेथे हे काम साधारण तेरा महिन्यांत उरकले होते.

'ट्रॅक्सिओन आव्हां' या नावाचा अर्थच पुढून ओढणारी असा आहे. तोवरच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळे. या गाडीत ती पुढच्या चाकांना दिली होती. वेगळा सांगाडा आणि त्यावर बसविलेली पेटी ही जुनी रचना सोडून संपूर्ण पोलादी कायाच भार पेलणारी केली होती. त्यामुळे गाडी हलकी, ठेंगणी आणि वळणावर स्थिर झाली. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते, पुढची चाके खड्ड्यांत स्वतंत्रपणे वरखाली होत. यांतील प्रत्येक कल्पना अगदीच नवी होती असे नाही, परंतु त्या सर्व एकत्र आणून सामान्य ग्राहकाच्या गाडीत मोठ्या प्रमाणावर देण्याचे धाडस यापूर्वी कोणी केले नव्हते. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच रचनेवर चालतात.

दोष घाईचा होता. गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा बसविण्याचा बेत ऐन वेळी सोडावा लागला आणि साध्या गिअरची पेटी घाईघाईने तयार करावी लागली. पहिल्या गाड्यांच्या पुढच्या चाकांकडे शक्ती नेणारे दांडे तुटू लागले, पोलादी कायेला तडे गेले. तक्रारी आल्या आणि दुरुस्तीचा खर्च वाढला. आणखी एक वर्ष चाचण्यांना मिळाले असते, तर हे दोष कारखान्यातच निघाले असते. परंतु ते वर्ष विकत घ्यायला पैसा नव्हता. गाडी विकली तरच देणी भागणार होती, म्हणून ती कच्ची असतानाच विकावी लागली.

कारखान्याची इमारत आणि पोलादी पत्र्याला आकार देणारी प्रचंड यंत्रे यांची किंमत वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. असा खर्च भागभांडवलातून किंवा तितक्याच लांब मुदतीच्या कर्जातून व्हायला हवा. सिट्रोएन यांनी त्यासाठी काही महिन्यांत फेडावयाच्या हुंड्या आणि पुरवठादारांची उधारी वापरली. लोखंडवाला, काचवाला, टायरवाला यांचा पैसा कारखान्याच्या भिंतींत अडकला. भिंत विकून हुंडी भागविता येत नाही. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.

मदतीसाठी सिट्रोएन यांनी बँकांची आणि सरकारची दारे ठोठावली. सरकारने तिजोरी उघडली नाही. २१ डिसेंबर १९३४ रोजी न्यायालयाच्या आदेशाने कंपनी अवसायनात गेली.

धनकोचा निर्णय

सर्वांत मोठे येणे होते टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीचे. मध्य फ्रान्समधील क्लेरमों-फेरांची ही घरंदाज कौटुंबिक पेढी काटकसरीसाठी प्रसिद्ध होती. तिच्यापुढे दोन मार्ग होते. लिलाव करून यंत्रांच्या भंगाराच्या किमतीत जे मिळेल ते घ्यावे, किंवा आपले येणे मालकीत बदलून कारखाना चालू ठेवावा. मिशेलिनने दुसरा मार्ग निवडला. त्यात दया नव्हती, चोख हिशेब होता. चालू राहिलेला सिट्रोएन कारखाना दरवर्षी लाखो टायर घेणार होता. बंद पडलेला एकही घेणार नव्हता. शिवाय नवी गाडी चांगली आहे, तिला फक्त वेळ हवा, हे त्यांच्या माणसांनी ओळखले होते.

घराण्यातील पियेर मिशेलिन आणि त्यांचे विश्वासू सहकारी पियेर-ज्यूल बुलांजे यांनी सूत्रे हाती घेतली. खर्च कापला गेला. हजारो कामगारांना घरी जावे लागले. दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेची किंमत त्यांनी मोजली. आंद्रे सिट्रोएन यांनी आपले सर्व हक्क सोडले. आजार आधीच बळावला होता. ३ जुलै १९३५ रोजी पोटाच्या कर्करोगाने ते वारले, तेव्हा त्यांचे वय ५७ होते. नव्या मालकांनी कंपनीचे नाव मात्र बदलले नाही.

गाडीचे दोष एकेक करून दूर झाले. ज्या गाडीपायी पेढी बुडाली असे लोक म्हणत होते, ती १९५७ पर्यंत तयार होत राहिली आणि तिच्या साडेसात लाखांहून अधिक प्रती निघाल्या. आंद्रे सिट्रोएन यांचा गाडीविषयीचा अंदाज अचूक होता, चुकला तो मुदतीचा.

बुलांजे यांचा स्वभाव सिट्रोएन यांच्या अगदी उलट होता. खेड्यातील शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी हवी, हे ठरविण्याआधी कंपनीने हजारो सामान्य लोकांना त्यांच्या गरजा विचारल्या. मग अभियंत्यांना अटी घातल्या गेल्या : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जावी, तीन लिटर पेट्रोलमध्ये १०० किलोमीटर चालावी आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत. १९३९ मध्ये गाडी जवळजवळ तयार झाली, तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून नमुन्याच्या बहुतेक गाड्या मोडून टाकल्या, काही लपविल्या. ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही '२ सीव्ही' आली, तेव्हा तिच्या पत्र्याच्या डब्यासारख्या रूपाला अनेक जण हसले. गिऱ्हाइके मात्र वर्षानुवर्षे थांबायला तयार झाली. १९९० पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, ती तयार होत होती.

तीच ठेच पुन्हा

कथा येथे संपली असती तर काटकसरी धनकोचा विजय असा तिचा सोपा अर्थ निघाला असता. पण ती पुढे आहे.

१९५५ साली आलेल्या 'डीएस' या गाडीने प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या मिळविल्या. या यशानंतर त्याच मिशेलिनच्या मालकीखाली जुनी सवय परतली. स्वस्त '२ सीव्ही' आणि महाग 'डीएस' यांच्यामध्ये मध्यमवर्गीय कुटुंबाला साजेशी खरी आधुनिक गाडी देण्यास १९७० साल उजाडले. दरम्यान १९६८ साली इटलीतील मासेराती ही वेगवान गाड्यांची कंपनी घेतली गेली, फिरत्या दट्ट्याच्या नव्या इंजिनावर मोठा खर्च झाला आणि पॅरिसजवळ ओल्ने येथे नवा कारखाना उभा राहिला. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले आणि भरपूर पेट्रोल पिणाऱ्या त्या नव्या इंजिनाला गिऱ्हाईक उरले नाही. चाळीस वर्षांनी कंपनी पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहिली. या वेळी तिला सावरले ते प्यूजो या दुसऱ्या फ्रेंच कौटुंबिक पेढीने. १९७४ मध्ये ३८.२ टक्के हिस्सा घेऊन आणि १९७६ मध्ये तो सुमारे ९० टक्क्यांवर नेऊन. एकदा ठेच लागली म्हणजे पुढच्या पिढीला शहाणपण आपोआप येते, असे नाही. ते पुन्हा शिकवावे लागते.

ही प्यूजो कंपनी महाराष्ट्राला अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सबरोबर भागीदारी करून तिने १९९० च्या दशकात कल्याण येथे '३०९' ही गाडी तयार केली होती. तो संसार काही वर्षांतच मोडला. सिट्रोएन हे नाव २०२१ पासून भारतातील रस्त्यांवर दिसू लागले असून तिच्या गाड्या तमिळनाडूत तयार होतात. पॅरिसमधील जाव्हेलचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. त्या जागी १९९२ पासून सार्वजनिक उद्यान आहे आणि त्याला आंद्रे सिट्रोएन यांचे नाव दिले आहे.

घरातील नवी पिढी धंदा वाढविण्याचा विचार मांडते, तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिचे स्वप्न मोडू नये. स्वप्नावाचून ही गाडी कधीच निघाली नसती. मात्र कागद पुढे आला की त्यावर दोन मुदती शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात : घातलेला पैसा किती वर्षांनी परत येणार आणि घेतलेला पैसा किती महिन्यांत परत द्यायचा. दुसरी मुदत पहिलीपेक्षा आखूड असेल, तर माल कितीही चांगला असो, सही करण्यापूर्वी थांबावे. आणि हे विचारणारा माणूस, मग तो मुनीम असो, भाऊ असो की बँकेचा अधिकारी, पेढीवरून कधी उठवू नये.